हाउ-लिनचा अंबाडा

दुसरा महिना, अकरावा दिवस

हाउ-लिनचं लग्न ठरलं. शा-ताउ गावच्या लो घराण्यातला दुसरा मुलगा, बाक-यिन. वय तेवीस. मासळीची चार तळी, बांधावर तुती, घरात आई, थोरला भाऊ आणि भावजय. टाम मावशी तीन महिने होडीतून खेपा घालत होती. आज तिने दोन्हीकडचे जन्मवेळांचे कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "सिक-लामभाऊ, बावीस वर्षांची मुलगी पाठीवर वेणी टाकून हिंडते. लोक मला विचारतात, बापाला एवढ्या गाठी मारता येतात, ही एकच कशी जमत नाही?" मी हसलो. लग्न आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी.

हाउ-लिनने सगळ्यांना चहा दिला आणि वाट्या विसळायला मागे गेली. बराच वेळ विसळत होती. वाट्या तीनच होत्या. मुली लाजतात.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण घरात तिसरं माणूस नाही. म्हणून नमुन्यांची वही उलटी करून मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो आहे. पंचवीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाचे गोफ, गोंडे, पडद्याच्या गाठी मी केल्या. आता स्वतःच्या मुलीच्या करायच्या. लाल सूत कँटनहून मागवलं.

दुसरा महिना, एकोणिसावा दिवस

जेवताना हाउ-लिनने विचारलं, "बाबा, आई गेली तेव्हा किती वर्षांची होती?"

मी म्हणालो, सव्वीस.

"आणि या घरात आली तेव्हा?"

सतरा.

"माझ्याशिवाय किती मुलं झाली?"

मी सांगितलं, चार. दोन जन्मतःच गेली, एक मुलगी चाळीस दिवसांची होऊन गेली, शेवटच्या वेळी बाळ आणि बाळंतीण दोन्ही. सुईणीने त्याआधीच सांगितलं होतं की आता पुरे. पण माझ्या आईला नातू हवा होता आणि आईपुढे मी कधी बोललो नाही. जे नशिबात होतं ते झालं.

तिने माझ्या वाटीत माशाच्या गालाचा तुकडा घातला आणि पुढे काही विचारलं नाही. सासरी जायची वेळ आली की मुलींना आईची आठवण येते.

तिसरा महिना, दुसरा दिवस

रेशमाच्या गिरणीतून येताना तिने काळ्या चकचकीत रेशमाचे दोन तागे आणले. आपल्या कमाईचे. तेराव्या वर्षापासून ती गिरणीत उकळत्या पाण्यातल्या कोशांची टोकं शोधते, बोटांची टोकं कायम पांढरी, सालं निघालेली. मी म्हणालो, काळं कशाला, लाल घे. म्हणाली, हेही लागेल. सासूसाठी असणार. मनाने फार नीट आहे पोरगी.

मग म्हणाली, "बाबा, याच्या अंगरख्याला गाठीची बटणं तुम्हीच करा ना. पाच जोड्या. उसवणार नाहीत अशी."

मी म्हणालो, माझं बटण आजवर उसवलेलं नाही. ती शेजारी पाटावर बसली आणि पाचही जोड्या होईपर्यंत उठली नाही. टाचण्या काढून हातात देत होती. असं ती लहानपणी बसायची.

चौथा महिना, आठवा दिवस

माक आत्या आली होती. पुलापलीकडच्या आत्यांच्या घरातली ती सगळ्यात मोठी, पासष्टीची. ज्या बायका लग्न न करण्याची शपथ घेऊन वेणी सोडतात आणि आपल्या हाताने अंबाडा घालतात, त्यांना सगळं गाव आत्या म्हणतं. त्यांच्या घरात आता अठरा जणी आहेत. सगळ्या गिरणीत कमावतात. मला त्यांच्याबद्दल वाईट काही म्हणायचं नाही. माझी गिऱ्हाइकं आहेत. क्वान-याम देवीच्या देव्हाऱ्यासाठी गोंडे नेहमी माझ्याकडूनच नेतात.

आज गोंडे घेऊन झाल्यावरही ती बसून राहिली. मला खोकला येतो का, भात कोण रांधेल, चुलतभाऊ कामाला येतात का, असं विचारत राहिली. मी म्हणालो, मुलगी शा-ताउला जाणार, तासाभराचं पाणी, महिन्यातून एकदा येईलच.

आत्याने गोंड्यांचं पुडकं बाजूला ठेवलं. म्हणाली, "सिक-लाम, तू तिला कधी विचारलंस?"

"काय विचारायचं? मुलगा चांगला आहे."

"मुलगा चांगलाच आहे," ती म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

वय झालं की माणसं एकच गोष्ट दोनदा बोलतात.

पाचवा महिना, पाचवा दिवस

होड्यांच्या शर्यतीला शा-ताउची होडी आली होती. बाक-यिन वल्हवत होता. उंच, सावळा, दात मोठे. हरले, तरी हसत होता. शर्यत संपल्यावर तो धक्क्यावर मला नमस्कार करायला आला. हाउ-लिन माझ्यामागे उभी होती. मी मुद्दामच लिचीच्या टोपलीसाठी घासाघीस करत बाजूला थांबलो. लग्नाआधी दोन शब्द बोलले तर काय बिघडतं?

तिनेच बोलायला सुरुवात केली. मान खाली न घालता. थोडंच बोलली असेल. मी लिची घेऊन आलो तेव्हा मुलाचा चेहरा उतरलेला होता, लिची हातात घेतली ती सोलायचं विसरला. वाटलं, बुजला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने मला दोनदा वाकून नमस्कार केला, एकदाच पुरला असता.

पलंगाच्या पडद्याच्या दोन्ही गाठी आज पुऱ्या झाल्या. सुरुवात आणि शेवट कुठे ते दिसत नाही अशी ती गाठ. माझ्या हातून इतकी नीट ती कधीच उतरली नव्हती.

सहावा महिना, एकोणिसावा दिवस

काय लिहू.

आज देवीचा दिवस. हाउ-लिन सात दिवस मांसमच्छी खात नव्हती. सकाळी गिरणीतल्या मैत्रिणींबरोबर देवळात गेली. मी दारात मखराचा गोफ वळत बसलो होतो. जेवणवेळेला ती परत आली. अंगावर काळा अंगरखा. त्याला माझी बटणं. वेणी नाही. मानेवर अंबाडा, घट्ट, एकही केस बाहेर नाही.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. वाटलं, लग्नाचा अंबाडा घालून बघत असतील मुली. मी म्हणालोसुद्धा की अजून दोन महिने आहेत, अपशकुन होतो, सोड तो.

ती उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "बाबा, मी देवीसमोर घातला. माझ्या हाताने. आता तो सुटायचा नाही."

मी हात उचलला नाही असं लिहिणार होतो. उचलला. तिने तोंड वळवलं नाही, म्हणून तो तसाच राहिला. मी विचारलं, त्या मुलात काय खोट आहे? म्हणाली, काही नाही. मी विचारलं, मग मी तुझं काय वाईट केलं?

"तुम्ही काहीच केलं नाही, बाबा," ती म्हणाली. "आईच्या वेळीही काही केलं नव्हतं."

मी घरात गेलो आणि आतून दार लावून घेतलं. ती कुठे गेली मी बघितलं नाही. संध्याकाळी गोफ सोडवायला घेतला तर नऊ ठिकाणी चुकलेला होता.

सहावा महिना, एकविसावा दिवस

थोरले काका म्हणजे आमच्या आउ कुळाचे प्रमुख. त्यांनी दोन चुलतभावांना पुलावर पाठवून तिला आत्यांच्या घरातून बोलावून आणलं. ओढून नाही आणलं, ती आपणहून चालत आली, पण गल्लीच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. काकांच्या सांगण्यावरून मी तिला माळ्यावर, पूर्वी रेशमाचे किडे पाळायचो त्या खोलीत ठेवलं आणि कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे आहे.

टाम मावशी सकाळीच येऊन ओसरीवर बसली. ती रडते आहे की भांडते आहे ते कळत नव्हतं. "चाळीस वर्षांत माझं एक लग्न मोडलं नाही, भाऊ. तुझ्या पोरीने माझं नाव पाण्यात घातलं. लोंच्या आईला मी काय तोंड दाखवू?" मी तिला चहा दिला, तो तिने प्यायला नाही.

परवा कुळाच्या सभागृहात निवाडा आहे. जुना नियम आहे. बापाने परवानगी दिली असेल तर शब्द मोडल्याचा दोष बापाचा आणि मुलीला कुणी हात लावायचा नाही. परवानगी नसेल तर शपथच नाही. मग अंबाडा सोडायचा, न सुटला तर केस कापायचे आणि ठरल्या दिवशी तिला पालखीत बसवायचं. काका म्हणाले, "तू काळजी करू नकोस, सिक-लाम. तू फक्त खरं सांग. आठवड्याभरात रडून मोकळी होईल. सगळ्या होतात."

मला बरं वाटलं. खरं तेवढंच सांगायचं होतं.

सहावा महिना, बाविसावा दिवस

ती जेवत नाही. पाणी घेते. गिरणीच्या सुट्टीत तिच्या मैत्रिणी खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, नुसत्या उभ्या. भोंगा वाजला तशा गेल्या.

दुपारी कामाला बसलो आणि माळ्यावर दोऱ्या आहेत हे आठवलं. रेशीमकिड्यांच्या जुन्या चाळण्या टांगायच्या दोऱ्या. उठून वर धावलो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट मी कुणाशी बोललेलो नाही. वरच्या अंगाच्या एका गावातल्या दोन मुली, बुडालेल्या, आमच्या घाटाला लागल्या. दोघींचीही लग्नं ठरली होती आणि दोघींनाही ती करायची नव्हती. कंबरेला कंबर बांधून घेतली होती. गाठ कुणाला सुटेना, म्हणून मला बोलावलं. दोरी माझीच होती, माझा पीळ मी ओळखतो. गाठ मात्र साधी, ओझं बांधतात तशी, तीन वेळा मारलेली. भिजलेलं रेशीम फुगून दगड झालं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत घाटावर बसून मी नखांनी, सुईने, दातांनी प्रयत्न केला. दोघींच्या आया शेजारी उभ्या. शेवटी मी सुरी मागितली. तेव्हा एकीची आई म्हणाली, "राहू द्या आता. कापू नका." मी हात धुतले आणि घरी आलो. त्या दिवशी हाउ-लिन चौदा वर्षांची होती. मी तिला नदीवर जाऊ दिलं नाही.

मी माळ्यावरच्या दोऱ्या काढल्या. सात होत्या. ती भिंतीला टेकून बसली होती. मी काय करायला आलोय ते तिला कळलं असावं, कारण तिने पाय आखडून वाट करून दिली. मी विचारलं, "उद्या अंबाडा सोडवला तर तू काय करशील?"

ती काही बोलली नाही. खोटं बोलायची तिला सवय नाही, म्हणून बोलली नाही. मी पुन्हा विचारलं. मग दोऱ्या काखेत धरून खाली आलो आणि पायरीवर बसलो.

सहावा महिना, तेविसावा दिवस

क्रमाने लिहितो.

सभागृहात आमच्या कुळाचे वीस-पंचवीस जण होते. लो घराण्याकडून बाक-यिन, त्याची आई, थोरला भाऊ. टाम मावशी खांबाला टेकून. हाउ-लिनला पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर गुडघ्यांवर बसवलं होतं. काळा अंगरखा, तोच अंबाडा. पाट्यांच्या तिसऱ्या ओळीत माझ्या बापाची पाटी आहे.

काकांनी उदबत्ती लावली आणि मला पुढे बोलावलं. "आउ सिक-लाम, पूर्वजांसमोर सांग. या मुलीला तू परवानगी दिली होतीस का?"

घरून मी काही ठरवून निघालो नव्हतो. हे खरं आहे, वहीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. मी तिच्या मानेकडे बघितलं. चार दिवस झाले होते, एक केस सुटला नव्हता.

मी म्हणालो, "दिली होती. अंबाडा मीच बांधून दिला."

काका म्हणाले, "नीट ऐकू आलं नाही."

"मी बांधला. तिची आई गेल्यापासून तिचे केस मीच विंचरत आलो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. हासुद्धा मीच बांधला."

हे कुणाला खोडता येईना. सात वर्षांच्या पोरीची वेणी घालणारा बाप म्हणून हीच माणसं मला हसली होती. हाउ-लिनने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. ती खरं सांगून टाकेल अशी मला भीती वाटली, तशी ती सांगणारी आहे. सांगितलं नाही.

लोंची आई उभी राहिली. ती ओरडली नाही. म्हणाली, "मग माझ्या हातून जन्मवेळेचा कागद का घेतलात? माझ्या मुलाने तुमचं काय केलं होतं?" चार दिवसांपूर्वी मीच कुणाला तरी हेच विचारलं होतं. मी तिच्यासमोर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

मग बाक-यिन म्हणाला, "आई, चल. मला शर्यतीच्या दिवसापासून माहीत होतं. तिने मला धक्क्यावर स्वतः सांगितलं होतं. मीच घरी बोललो नाही." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो लाल झाला आणि आईचा हात धरून बाहेर गेला.

निवाडा असा. लो घराण्याचे सगळे आहेर परत करायचे, त्यांच्या गावात जाऊन माफीची पंगत घालायची आणि यापुढे आउ कुळाच्या कुठल्याही लग्नात माझ्या हातची गाठ वापरायची नाही. शब्द मोडणाऱ्याची गाठ अशुभ. काका शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मी तुला खरं सांगायला सांगितलं होतं."

घरी येताना हाउ-लिन माझ्यापासून चार पावलं मागे चालत होती. घरी आल्यावर तिने भात टाकला. दोघं जेवलो. ती दोन वाट्या जेवली.

सातवा महिना, चौथा दिवस

आज ती आत्यांच्या घरी गेली. शपथ घेतलेल्या बाईने बापाच्या घरात शेवटचा श्वास सोडायचा नाही असा रिवाज आहे, म्हणून राहायचं तिकडेच. मी म्हणालो, बाविसाव्या वर्षी मरायच्या गोष्टी कशाला. ती म्हणाली, त्या आत्ताच ठरवाव्या लागतात. एक पेटी, एक चटई, भाताची वाटी. पेटी मी उचलली. पुलापर्यंतच, पुढे पुरुष जात नाहीत. माक आत्या पलीकडे उभी होती. तिने मला वाकून नमस्कार केला. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी आहे.

सातवा महिना, सत्ताविसावा दिवस

काम नाही. दोन ठिकाणची ठरलेली लग्नाची कामं परत गेली. बाजारात हत्यारांच्या मुठींना दोरी गुंडाळून देतो, पिंजऱ्यांचे आकडे करतो. काल पुतण्याने रस्ता ओलांडला मला बघून. पूर्वजांसमोर मी खोटं बोललो. बापाची पाटी तिथेच होती. सकाळी उदबत्ती लावताना मी वर बघत नाही. मी केलं ते बरोबर केलं का, मला कळलेलं नाही. ती जिवंत आहे आणि गिरणीत जाते एवढं कळतं.

आठवा महिना, पंधरावा दिवस

सणाला हाउ-लिन आली. म्हशीच्या दुधाच्या खरवसासारख्या गोडाची वाटी आणि एक पपनस घेऊन. अंगण झाडलं, माझे कपडे धुतले. आम्ही सभागृहाबद्दल बोललो नाही. गिरणीतल्या वाफेबद्दल बोललो, पाण्याबद्दल बोललो. निघताना ती दारात थांबून म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही काय बोलणार ते मला माहीत नव्हतं."

मी म्हणालो, मलाही.

अठराव्या, म्हणजे लग्नाच्या ठरल्या दिवशी मी घराबाहेर पडणार नाही.

नववा महिना, बारावा दिवस

दुपारी धक्क्यावरून बाक-यिन आला. मला वाटलं, पंगतीत काही उणं राहिलं म्हणून आला. तो ओसरीवर बसला, टोपी गुडघ्यावर. म्हणाला, टाम मावशीने त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघितली आहे, वरच्या अंगाच्या गावची, एकोणीस वर्षांची. वर्षाच्या शेवटी लग्न. पडद्याच्या गाठी त्याला माझ्याकडूनच हव्या आहेत. त्यांचं कूळ वेगळं, आमच्या निवाड्याचा त्यांना अडसर नाही. आईलाही विचारलं, ती म्हणाली, त्याचा हात चांगला आहे हे खरंच.

अडीच महिन्यांत हे पहिलं लग्नाचं काम. मी फळी पुढे ओढली. टाचण्यांची डबी उघडली. आणि माझ्या तोंडून निघालं, "त्या मुलीला कुणी विचारलं का?"

त्याला कळलं नाही. म्हणाला, तिच्या बापाने होकार दिला आहे.

"बापाचं नाही विचारत."

त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली. मग हळू म्हणाला, "नाही. कसं विचारणार? मी तिला बघितलेलीही नाही."

मी म्हणालो, "तू विचारून ये. तोवर मी दोरी घेत नाही." हे मी म्हणालो, पण डब्यात तांदूळ थोडे आहेत आणि मुलगा उठून गेला तर परत येईलच असं नाही. तो उठून गेला.

नववा महिना, सव्विसावा दिवस

आला. पावसात भिजून, अनवाणी. मी सूत काढायला उठलो तर म्हणाला, "थांबा, काका."

टाम मावशीच्या हातापाया पडून त्याने मुलीला तिच्या मावशीच्या घरी भेटायची परवानगी मिळवली होती. टाम मावशी दारात बसली होती, हे दोघं विहिरीपाशी. त्याने विचारलं, तुला हे लग्न करायचं आहे का. ती खूप वेळ बादलीची दोरी हातात धरून उभी राहिली. त्याला वाटलं, रडेल. रडली नाही.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, आजवर मला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नाही. दहा दिवस द्या."

मी टाचण्यांची डबी मिटली. त्याला कोरडा पंचा दिला, चहा टाकला. तो ओला बसून माझ्याकडे बघत होता, आता काय करायचं असं त्याला विचारायचं होतं.

मी म्हणालो, "मग दहा दिवसांनी ये."